बाबांच्या पानावरचे ठिपके

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आई पाच महिन्यांकरता पुण्याला गेली आणि बाबा माझ्या वाट्याला आले. त्यांना नागपूरला एकटं ठेवायला आई तयार नव्हती. "एकटे राहिले की तंबाखू पुन्हा सुरू होईल," असं तिने मला फोनवर सांगितलं. मागून बाबांचा आवाज आला, "दोन वर्षं झाली सोडून. आता तरी विश्वास ठेव ना."

मी बंगळुरूत येलहंक्याला राहते. तिथून पुढे वीसेक मिनिटांवर असलेल्या एका संशोधन संस्थेत काम करते. बाबा आयटीआयमध्ये टर्नरच्या मुलांना लेथ शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोर कुठलीही वस्तू आली की ती कशी बनवली असेल हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझ्या घरातल्या कुकरची शिट्टी त्यांनी पहिल्याच आठवड्यात उघडून पुसून परत लावली. मग दाराच्या बिजागऱ्या झाल्या, गॅलरीचा नळ झाला. दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

"तू नेमकं काय करून राहिली तिथं?" पोहे खाताना त्यांनी विचारलं. "दहा वर्षांपासून ऐकून राहिलो मी, विषाणू, विषाणू. सांग बरं एकदा नीट."

मी त्यांच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. "एक विषाणू आहे बाबा. झाडांना होतो, माणसाला काही करत नाही. आकाराने सरळ दांडा. आणि मधून आरपार भोक."

"म्हणजे लांब बुश."

"हो, तसंच नळकांडं. त्या भोकात कॅन्सरचं औषध बसतं. आम्ही विषाणूच्या मूळ नकाशातच थोडा बदल करतो, म्हणजे दांड्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक बारीक खाचा तयार होतात. त्या खाचांमध्ये दुसरे रेणू अडकवायचे. ते त्याला शरीरात गाठीपर्यंत घेऊन जातील, बाकी ठिकाणी औषध सांडणार नाही. निदान आमची तशी आशा आहे."

"खाच पाडतं कोण? मशीन?"

"मशीन नाही. बदललेला नकाशा झाडात सोडायचा. झाड आपल्या पानांत असे कोट्यवधी दांडे बनवतं. मग पानं वाटायची आणि दांडे गाळून घ्यायचे."

बाबांचा घास हातातच राहिला. "कोणतं झाड?"

मी जरा चाचरले. "तंबाखूचं."

इतके खूश झालेले बाबा मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. "मला सोडायला लावली आणि पोरगी तंबाखूची शेती करून राहिली!" ते हसता हसता म्हणाले. आईला फोन करून त्यांनी ही बातमी लगेच कळवली.

संस्थेत रोपवाटिका सांभाळायला एक अक्का आहेत. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. घरी मराठी बोलतात, पण ती अर्धी कन्नडमध्ये भिजलेली. त्या काळात त्यांच्या मदतीची बाई गावी गेली होती आणि रोपांचे ट्रे साठून राहिले होते. बाबा घरी कंटाळलेत हे मी बोलता बोलता सांगितलं, तर अक्का म्हणाल्या, "घेऊन या की. आत काचघरात नको, तिथे परवानगी लागते. बाहेर जाळीत रोपं लावू देत." त्यांनीच कार्यालयात जाऊन बाबांचा पास करून आणला.

बदललेल्या विषाणूची झाडं आत काचघरात, दोन दारांच्या आड असतात. बाहेरच्या हिरव्या जाळीखाली नुसती निरोगी रोपं वाढवायची, एकेक उपटून कुंडीत लावायची आणि मोठी झाली की आत पाठवायची. हेच उपटून लावायचं काम बाबांकडे आलं.

पहिल्या दिवशी अक्का त्यांच्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प हळू. रोप आहे, खिळा नाही."

"स्वल्प म्हणजे?"

"म्हणजे थोडं."

"मग थोडंच म्हणा ना, बाई."

पण त्यांचे हात शिकले. लोखंडावर आयुष्य गेलेली ती जाड बोटं केसाएवढी मुळं न तोडता उचलू लागली. कुंड्यांच्या रांगा त्यांनी दोरी लावून सरळ केल्या. आम्ही सकाळी एकत्र निघायचो. संस्थेसमोरचा रस्ता रुंद आणि वाहनं बेफाम, तेव्हा मी त्यांचा हात धरून त्यांना पलीकडे न्यायचे. लहानपणी ते मला शाळेत सोडायचे तेव्हा असंच धरायचे. दुपारी मी जेवायला जाळीत गेले की दोघं एकमेकांचं मराठी दुरुस्त करत बसलेले असायचे.

इकडे आत माझं काम मात्र बिघडायला लागलं.

बाबा यायच्या आधी चार-पाच झाडांवर माझी खाच उत्तम जमली होती. सरांनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, खूश होऊन मोठ्या प्रमाणावर करायला सांगितलं. मी साठ झाडांवर केलं. पानं वाटली, गाळली, यंत्रात फिरवली, दांडे मिळाले. पण त्यांचा नकाशा वाचून घेतला, तर खाचेचा पत्ता नाही! साधा, गुळगुळीत, जंगलात सापडतो तसला विषाणू.

"तुझी खाच विषाणूला नकोशी आहे," सर म्हणाले. "तो ती टाकून देतोय. डिझाइन कच्चं आहे."

असं होतं खरं. विषाणूला आपल्या कारागिरीचं काही कौतुक नसतं. ओझं वाटलं की तो ते टाकतो. मी खाच बदलली. पुन्हा तेच. जागा बदलली. पुन्हा तेच. दर आठवड्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर मी उभी राहायचे आणि सर कपाळाला हात लावून म्हणायचे, "मुळापासून विचार कर." एकदा ते असंही म्हणाले, की हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं का. घरी आल्यावर मी भाजी करपवली. बाबांनी ती करपलेली भाजी खाल्ली आणि "चांगली झाली," म्हणाले.

सहा आठवडे असे गेले. मग एका सकाळी मला ते दिसलं.

प्रत्येक प्रयोगात आम्ही काही झाडं नुसत्या पाण्याने चोळतो, विषाणू न लावता. ती शेवटपर्यंत निरोगी राहिली पाहिजेत. त्या सकाळी त्यातल्याच एका झाडाच्या कोवळ्या पानावर फिकट-गडद हिरवे पट्टे होते. मी शेजारचं झाड पाहिलं. तिथेही पट्टे. म्हणजे माझा विषाणू खाच टाकत नव्हता. साधा विषाणू बाहेरून कुठून तरी येत होता. तो जोमदार, भराभर वाढणारा, आणि माझ्या खाचवाल्याला मागे ढकलून सगळं पान बळकावत होता.

मी धावत जाळीत गेले. अक्कांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. "अय्यो! माझ्या रोपवाटिकेत रोग? पंचवीस वर्षांत नाही झालं."

त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला. मग उठल्या. "मशीनला नंतर विचार. आधी झाडाला विचारू," असं म्हणत कोपऱ्यातल्या काही कुंड्या पुढे ओढल्या.

ती तंबाखूचीच एक वेगळी जात. हा विषाणू तिच्या पानाला लागला, की पान त्याला तिथल्या तिथे अडवतं आणि तेवढा भाग जाळून टाकतं. तपकिरी ठिपका उमटतो. जितका विषाणू जास्त तितके ठिपके जास्त. पूर्वी यंत्रं नव्हती तेव्हा लोक असेच विषाणू मोजायचे. अक्कांनी जाळीतलं नळाचं पाणी घेतलं, माती घेतली, कात्री धुऊन ते पाणी घेतलं, ट्रे पुसून घेतला. मग म्हणाल्या, "आणि माणसं. सगळ्यांनी हात धुवायचे. साबण नको, नुसत्या पाण्यात."

बाबा, अक्का आणि मी, तिघांनी वेगवेगळ्या वाट्यांत हात बुचकळले. अक्कांनी प्रत्येकाचं पाणी एकेका पानावर, सूक्ष्म ओरखडे पडावेत म्हणून बारीक पूड टाकून, हलकेच चोळलं आणि देठांना चिठ्ठ्या बांधल्या. बाबा उत्साहाने बघत होते. फक्त अक्का त्यांचं पान चोळत असताना त्यांनी एकदा घसा खाकरला, एवढं मला आता आठवतं.

तीन दिवसांनी सकाळी आम्ही तिघं त्या कुंड्यांपुढे उभे राहिलो. नळाचं पान स्वच्छ. मातीचं स्वच्छ. कात्रीच्या पानावर सात-आठ ठिपके, ट्रेच्या पानावर तेवढेच. आणि एक पान असं, की त्यावर हळद-तिखट उधळल्यासारखं झालं होतं. ठिपक्याला ठिपका लागलेला. मी चिठ्ठी उलटली. "अण्णा" असं लिहिलं होतं.

 बाबांनी चष्मा पुसला आणि परत घातला. मग पँटच्या आतल्या खिशातून एक छोटी पुडी आणि चुन्याची डबी काढून कुंडीच्या कडेवर ठेवली.

"इथं आपल्याकडचा सुपारी-तंबाखूचा खर्रा नाही मिळत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बसस्टँडच्या मागे एक विड्याच्या पानांचं दुकान आहे. त्याच्याकडे ही पानाची तंबाखू मिळते. तू आत गेली की एक चिमूट मळायचो."

मला राग यायला हवा होता. दोन वर्षं आईला, मला, सगळ्यांना त्यांनी गुंडाळलं होतं. पण माझ्या डोक्यात आधी दुसरंच चमकलं. वाळवलेल्या तंबाखूत हा विषाणू वर्षानुवर्षं जिवंत राहतो. हे मी पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय, दुसऱ्यांना शिकवलंय. तळहातावर तंबाखू मळायची आणि त्याच बोटांनी तंबाखूची रोपं उचलायची, याहून चांगला लागणीचा मार्ग शोधूनही सापडला नसता.

"बाबा..." मी सुरुवात केली.

तेवढ्यात बाबा वाकून दुसऱ्या पानाकडे बघू लागले. "पण हे कोणाचं? याच्यावर पण आहेत ना."

पंधरा-सोळा असतील. मी चिठ्ठी उलटली. अक्का.

अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जेवल्यावर पान-सुपारी खाते मी, माहीत आहे तुला. त्यात घालायला अण्णांनी तंबाखू दिली होती. स्वल्प."

"थोडी," बाबांनी दुरुस्त केलं.

मग मात्र मला हसू आवरेना. अक्काही हसल्या, डोळ्यांना पदर लावून. हसू ओसरल्यावर बाबांनी तिसरं पान हातात धरलं. ते माझं होतं. त्याच्यावरही ठिपके होते, मोजून दोन.

"तू पण?" अक्का म्हणाल्या.

मी तंबाखूला कधी हात लावलेला नाही. आतल्या झाडांना मी हातमोजे घालूनच शिवते, आणि त्या सकाळी तर ती नुसती लांबून पाहिली होती. जाळीतही काही उचललं नव्हतं. मी आठवत राहिले, आणि बाबांच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. रोज सकाळी रस्ता ओलांडताना मी त्यांचा हात धरत होते.

 ते पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. मी शेजारी बसले तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे हे सहा आठवडे तुझे सर तुला बोलून राहिले होते, ते यामुळे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अक्कांनी. आणि भाजी करपते तेव्हा मला कळतं."

दुसऱ्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला न सांगता सरांच्या खोलीचं दार वाजवलं. मला कळलं तेव्हा मी पळत गेले. आत बाबा उभे होते, खुर्ची देऊनही बसलेले नव्हते. हिंदीत सांगत होते. त्या हिंदीतही त्यांचं नागपूर लपत नव्हतं.

"साहेब, माझ्या पोरीचं ड्रॉइंग बरोबर होतं. जॉब बिघडला तो तिच्यामुळे नाही. कच्चा माल मी खराब दिला." आणि त्यांनी सगळं सांगितलं, पुडीपासून पानावरच्या ठिपक्यांपर्यंत. एक गोष्ट फक्त गाळली. अक्कांचं पान.

सर ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा आधी कडक झाला, मग गोंधळला, आणि शेवटी ते इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. हसून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. "मी तुला सहा आठवडे उगीच बोललो. बैठकीतही सांगेन सगळ्यांना." आणि त्यांनी खरंच सांगितलं. हेही सांगितलं, की त्यांनी स्वतः पाण्याने चोळलेली झाडं एकदाही नीट पाहिली नव्हती.

जाळीतली एकूण एक रोपं आम्ही उपटून वाफेच्या भट्टीत घातली. ट्रे उकळले, माती बदलली. अक्कांनी नवा नियम काढला. रोपाला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायचे, आणि मग दुधात बुडवायचे. दुधातली प्रथिनं या विषाणूला गुंडाळून ठेवतात, हे जुन्या माळ्यांनाही ठाऊक आहे. बाबा पातेल्यात हात घालून म्हणाले, "गोकुळाष्टमी झाली म्हणा की." मला वाटलं होतं, आता ते काही परत यायचे नाहीत. पण त्यांनी अक्कांना विचारलं, "मी आलो तर चालेल का?"

अक्का म्हणाल्या, "दर सोमवारी पान चोळायचं. पान स्वच्छ आलं तरच रोपाला हात. तोवर कुंड्या धुवायच्या."

"सरी," बाबा म्हणाले. सरी म्हणजे बरं. त्यांचा हा पहिला कन्नड शब्द.

तंबाखू सुटता सुटत नाही, हे मी पुढचे काही आठवडे जवळून पाहिलं. ते चिडचिडे झाले. टीव्हीचा रिमोट सापडला नाही म्हणून ओरडले, मग तो त्यांच्याच मांडीखाली निघाला. भाजलेली बडीशेप मी डब्याने आणायचे आणि ती संपायची. रात्री जबडा दुखतो म्हणायचे, चावायला काही नाही म्हणून. आईला त्यांनी स्वतःच फोन करून कबुली दिली. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही, पण बाबा कान चोळत आले.

पहिल्या सोमवारच्या पानावर चाळीस ठिपके होते. बाबा म्हणाले, हे जुनंच, नखांत राहिलेलं. त्यांनी नखं मुळापर्यंत कापली. पुढच्या सोमवारी अकरा. त्याच्या पुढच्या सोमवारी तीन. बाबा कॅलेंडरवर आकडे लिहीत होते, लेथच्या मुलांच्या मार्कांसारखे. मग एकदा एकवीस आले. अक्कांनी पान त्यांच्यापुढे धरलं आणि भुवया उंचावल्या.

"शनिवारी," बाबा म्हणाले. "नागपूरचा एक ओळखीचा भेटला जयनगरला. त्याच्याकडे खर्रा होता. नाही म्हणवलं नाही."

"सरी. मग कुंड्या धुवा," अक्का म्हणाल्या. त्यांनी उपदेश केला नाही, आणि मीही नाही. बाबांनी त्या आठवड्यात दीडशे कुंड्या धुतल्या. अक्कांनी स्वतःचंही एक पान सुरू केलं होतं. त्यांचं पान बाबांच्या आधी स्वच्छ झालं, आणि त्याची बाबांना जी चीड आली तिचा मला वाटतं सगळ्यात जास्त उपयोग झाला. पुढचे दोन सोमवार ओळीने त्यांचं पान कोरं निघालं.

दरम्यान नव्या रोपांवर मी माझी पहिलीच खाच परत लावली, जी सगळ्यात आधी कच्ची ठरली होती. या वेळी पाण्याने चोळलेली झाडं शेवटपर्यंत हिरवीगार राहिली. पानं वाटून, गाळून, यंत्रात फिरवून तळाशी जो गोळा उरला तो शिजलेल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक होता. नकाशा वाचून आला, त्यात खाच होती. प्रत्येक ठिकाणी. मी तो निकाल चार वेळा वाचला आणि मग जाळीत जाऊन वाचून दाखवला.

मोठ्या सूक्ष्मदर्शकाने फोटो काढले त्या दिवशी सरांनी बाबांना मुद्दाम आत बोलावलं. पडद्यावर करड्या पार्श्वभूमीवर शेकडो दांडे पसरलेले होते, सांडलेल्या काड्यांसारखे. बाबा पडद्याच्या अगदी जवळ गेले, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत राहिले.

"याची जाडी सगळीकडे एकच आहे?"

"एकच," सर म्हणाले.

"दुसऱ्याची पण तेवढीच? आणि मधलं भोक?"

"प्रत्येकाचं तेवढंच."

बाबांनी मान हलवली. "पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं मी. एका मापाचे दोन पीस एकदम कधी नाही निघाले. आणि हे एक पान असे किती काढते म्हणता?"

सरांनी आकडा सांगितला. बाबांनी तो पुन्हा विचारला, आणि मग खुर्ची ओढून बसले. औषध भरून हे दांडे आधी पेशींवर तपासायचे, मग पुढचं पुढे. माणसापर्यंत जायला कित्येक वर्षं लागतील, कदाचित जाणारही नाही, हे सरांनी त्यांना सरळ सांगितलं. बाबा म्हणाले, "जाईल तेव्हा जाईल. फिनिश तर चांगलं आलं ना."

बाबांच्या परतीच्या आदल्या दिवशी अक्कांनी आम्हाला जेवायला नेलं, संस्थेजवळच्या एका साध्या खानावळीत. केळीच्या पानावर नाचणीच्या पिठाचा गरगरीत मऊ गोळा, ज्याला इथे मुद्दा म्हणतात, आणि शेजारी आमटीसारखं सारू आलं. बाबांनी एक तुकडा तोडला, सारूत बुडवला, तोंडात टाकला आणि चावायला लागले. तो दातांना चिकटला.

"अय्यो अण्णा, चावायचं नाही!" अक्का ओरडल्या. "नुसतं गिळायचं. मुद्दा कुणी चावतं का?"

बाबांनी कसाबसा घास खाली उतरवला, पाण्याचा घोट घेतला आणि आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं.

"म्हणजे या गावात मला काहीच चावू द्यायचं नाही, असं ठरलंय का तुमचं?"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली इतक्या मोठ्याने अक्का हसल्या. बाबांनी दुसरा तुकडा तोडला, नीट गोल केला, बुडवला आणि न चावता गिळला. मग मान डोलावून म्हणाले, "जमते." आणि अजून एक मुद्दा मागवला.